शेगडीभोवतीचा हिशेब
(नभोवाणीवरील भाषण)



खेळाविषयीं बोलावयाचें तर खेळ चालू असतांना बोलावें, असा सर्वसाधारण संकेत आहे. मी आज बोलणार आहें तें मात्र खेळ बंद असतो त्या काळाविषयीं. अमेरिकेंत बेसबॉलचा हंगाम मार्चच्या अखेरीस सुरू होतो, आणि वर्ल्ड सिरीजचे सामने आटोपले कीं ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास संपतो. पुढें चार-साडेचार महिने मैदानें ओस पडतात. पण रसिकाचें डोकें कांहीं ओस पडत नाहीं. आपल्या संघांतून कोण गेला, नवा कोण आला, करार किती वर्षांचा झाला, डॉलर किती ठरले, या वार्तांवर तो आपला हिवाळा काढतो. या चर्चेस तिकडे एक जुनें नांव आहे. तिला ‘हॉट स्टोव्ह लीग’, म्हणजे शेगडीभोवतीची स्पर्धा, असें म्हणतात. बाहेर थंडी पडली म्हणजे गांवकरी शेगडीभोवतीं बसून पुढल्या हंगामाचे मनोरे रचीत, त्यावरून हें नांव पडलें.

या शेगडीभोवतीं एक प्रश्न दरवर्षीं निघतो. हिवाळ्यांत आपल्या संघानें केलेली खेळाडूंची भरती रसिकानें कोणत्या मापानें मोजावी? मोजमाप डॉलरांनीं करावें, कीं नांवलौकिकानें, कीं पुढल्या हंगामांतील विजयांनीं? या प्रश्नाचें मला सुचलेलें उत्तर आज आपणांपुढें ठेवावयाचें आहे.

एका मराठी शाळामास्तरास ही उठाठेव कशाला, अशी शंका आपणांस येईल. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराच्या पूर्वेस फ्रीमाँट नांवाचें शहर आहे. आपल्याकडील पुष्कळ कुटुंबें त्या भागांत नोकरीनिमित्त स्थायिक झालीं आहेत, आणि त्यांतच माझ्या मुलाचें बिऱ्हाड आहे. तेथून शहरगाडीनें ओकलंडच्या मैदानापर्यंत थेट जातां येत असे. माझ्या नातवानें मला एक वही व पेन्सिल देऊन चेंडूगणिक नोंद कशी ठेवावी तें शिकविलें. आणि गुणपत्रकें तपासण्यांत ज्याची हयात गेली, अशा माणसास त्या वहीचा लळा लागला यांत नवल नाहीं. ओकलंड अ‍ॅथलेटिक्स हा अशा रीतीनें आमचा संघ झाला.

प्रथम या बाजाराची रीत थोडक्यांत सांगतों. वरिष्ठ स्पर्धेंत सहा वर्षें सेवा होईपर्यंत खेळाडू बहुशः आपल्या संघाच्याच ताब्यांत असतो. संघानें त्यास ठेवावें, अगर दुसऱ्या संघाशीं त्याची अदलाबदल करावी. तीं वर्षें पुरीं झालीं आणि करार संपला म्हणजे तो मुक्त होतो व हव्या त्या संघाशीं बोलणें लावतो. आपल्याकडील आय. पी. एल. मध्यें २००८ सालापासून खेळाडूंचा लिलाव होत आला आहे. तेथें बोली सर्वांसमक्ष लागते, आणि प्रत्येक संघाच्या खर्चास ठराविक मर्यादा असते. बेसबॉलमध्यें हातोडा नाहीं कीं मंडप नाहीं. खेळाडूचा मुखत्यार अनेक संघांशीं खाजगी वाटाघाटी करतो, आणि एके दिवशीं सकाळीं आपला आवडता खेळाडू परक्या गांवचा झाल्याची बातमी रसिकाच्या कानीं येते. शिवाय मी सांगणार आहें त्या वर्षांत खर्चाची कमाल मर्यादा संघांवर नव्हती. अलीकडे फार खर्च करणारास दंडवजा कर बसूं लागला, इतकेंच. त्यामुळें श्रीमंत शहराचा संघ आणि बेताच्या मिळकतीचा संघ हे एकाच बाजारांत, एकाच दिवशीं, फार वेगळ्या पिशव्या घेऊन उभे राहतात.

आणि गंमत अशी कीं या बाजाराची पहिली घंटा ओकलंडच्याच एका खेळाडूमुळें वाजली. १९७२, १९७३ व १९७४ अशीं लागोपाठ तीन वर्षें ओकलंडनें वर्ल्ड सिरीज जिंकली होती. त्या संघाचा अग्रगण्य पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा, जिम हंटर हा होय. लोक त्यास ‘कॅटफिश’ म्हणत. त्याच्या १ लाख डॉलर पगारापैकीं निम्मी रक्कम वर्षासनासाठीं विमा कंपनीकडे भरावयाची, असें करारांत होतें. मालक चार्ल्स फिन्ले यानें ती भरली नाहीं. प्रकरण लवादाकडे गेलें, आणि पीटर साइट्झ या लवादानें १९७४ च्या डिसेंबरांत निकाल दिला कीं करार मोडला आहे, सबब हंटर मुक्त आहे. मग काय विचारतां! नॉर्थ कॅरोलिनांतील एका लहानशा गांवीं हंटरच्या वकिलाची कचेरी होती. तेथें वीसांहून अधिक संघांचे प्रतिनिधि येऊन दाखल झाले. वर्षाच्या शेवटच्या दिवशीं त्यानें न्यूयॉर्कच्या यांकी संघाशीं पांच वर्षांचा, ३० लाख डॉलरांहून मोठा करार केला. पुढच्याच वर्षीं साइट्झनें आणखी दोन खेळाडूंच्या बाबतींत निकाल दिला, आणि सर्वच खेळाडूंना मुक्त होण्याचा मार्ग मोकळा झाला.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगून टाकतों. खेळाडूंना मिळणाऱ्या पैशाबद्दल माझी तक्रार नाहीं. त्यापूर्वीं कित्येक दशकें खेळाडू संघाशीं जन्माचा बांधलेला असे; मालकानें ठेवलें तर राहावें, विकलें तर जावें. ज्याच्या खांद्याच्या जोरावर हजारों तिकिटें खपतात, त्यानें आपल्या श्रमाची किंमत मागावी हें न्याय्यच आहे. माझा प्रश्न निराळा आहे. खेळाडूला त्याची किंमत मिळाली, मालकाला त्याचा नफा मिळाला. त्या दोघांच्या मध्यें जो रसिक उभा आहे, त्याला काय मिळालें?

ओकलंडच्या इतिहासांत या प्रश्नाचीं उत्तरें वेगवेगळ्या हिवाळ्यांनीं दिलीं आहेत. १९७६ च्या जूनमध्यें फिन्लेनें तीन खेळाडू रोख विकावयास काढले. रोली फिंगर्स व जो रूडी हे प्रत्येकीं १० लाखांस बोस्टनला, आणि व्हायडा ब्लू १५ लाखांस न्यूयॉर्कला. बेसबॉलचे कमिशनर बोवी कून यांनीं ही विक्री रद्द केली. पण विक्री थांबली तरी गळती थांबली नाहीं. त्या हंगामानंतर फिंगर्स, रूडी, साल बँडो, जीन टेनेस हे एकामागून एक मुक्त होऊन निघून गेले. त्यांच्या जागीं तोलामोलाचें कोणी आलें नाहीं. १९७९ च्या सबंध हंगामांत ओकलंडच्या मैदानावर मिळून ३,०६,७६३ प्रेक्षक आले. १७ एप्रिलच्या एका सामन्यास तर अवघे ६५३. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनास याहून अधिक पालक जमत! ओकलंडच्या लोकांना खेळाची आवड नाहीं, असा ठपका तेव्हां ठेवण्यांत आला.

तो ठपका किती खोटा होता हें पुढील दहा वर्षांनीं दाखविलें. १९८० सालीं वॉल्टर हास यांनीं संघ विकत घेतला. विजारींच्या कापडावर जगभर नांव कमावलेल्या लेव्हाय स्ट्रॉस या पेढीचे ते धनी. त्यांनीं पैसा ओतला, होतकरू खेळाडू वाढविले, आणि शहराशीं घरोबा ठेवला. रिकी हेंडरसन हा ओकलंडमध्यें लहानाचा मोठा झालेला खेळाडू. १९८२ सालीं त्यानें एका हंगामांत १३० बेस ‘चोरून’, म्हणजे चेंडू मारला जाण्यापूर्वींच धांवून, विक्रम केला होता. तो मध्यंतरीं न्यूयॉर्कला गेला. १९८९ च्या जूनमध्यें त्यास अदलाबदलीनें परत आणलें, त्या वर्षीं संघानें वर्ल्ड सिरीज जिंकली, आणि हिवाळ्यांत त्याच्याशीं चार वर्षांचा, १ कोटी २० लाख डॉलरांचा करार केला. त्या काळीं हा आंकडा डोळे विस्फारावयास लावणारा होता. पण १ मे १९९१ रोजीं कारकीर्दींतील ९३९ वा बेस चोरून हेंडरसननें आजवरचे सारे विक्रम मोडले, तो क्षण ओकलंडच्याच मैदानावर, ओकलंडच्याच लोकांनीं पाहिला. आदल्या वर्षीं, १९९० सालीं, त्या मैदानावर सुमारे २९ लाख प्रेक्षक आले होते. शहर तेंच, मैदान तेंच. बदलला होता तो मालकाचा हात.

तिसरा हिवाळा २००१-०२ चा. याच्यावर मायकेल लुइस यांनीं २००३ सालीं ‘मनीबॉल’ नांवाचें पुस्तक लिहिलें व २०११ सालीं बोलपट निघाला, म्हणून तो आपल्यापैकीं कित्येकांस ठाऊक असेल. २००१ सालीं १०२ सामने जिंकलेल्या संघांतून जेसन जियांबी सात वर्षांच्या १२ कोटी डॉलरांवर न्यूयॉर्कला गेला, जॉनी डेमन बोस्टनला गेला, आणि जेसन इस्रिंगहॉझेन सेंट लुइसला गेला. ओकलंडचा साऱ्या संघाचा वेतनखर्च सुमारे ४ कोटी डॉलर. न्यूयॉर्कचा त्याच्या तिपटीहून अधिक. तेव्हां व्यवस्थापक बिली बीन यानें इतरांनीं दुर्लक्षिलेले गुण शोधले. स्कॉट हॅटबर्ग हा कोपराच्या दुखापतीमुळें आपल्या मूळच्या जागेस निरुपयोगी झालेला खेळाडू. पण वाईट चेंडू सोडून देण्याचा धीर त्याच्या अंगीं होता, आणि चार वाईट चेंडू सोडले कीं फलंदाजास फटक्यावांचून पहिला बेस मिळतो. त्यास स्वस्तांत घेतलें आणि नव्या जागीं उभें केलें. २००२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरांत संघानें लागोपाठ २० सामने जिंकले. विसाव्या सामन्यांत ११-० अशी आघाडी घालवून बरोबरी झाली असतां हॅटबर्गनेंच चेंडू मैदानाबाहेर टोलवून १२-११ असा विजय मिळवून दिला. त्या हंगामीं १०३ सामने जिंकले. म्हणजे तीन मोहरे गेल्यावर एक सामना अधिकच!

काटकसरीच्या या कथेचें जगांत फार कौतुक झालें, आणि तें योग्यच होतें. परंतु काटकसर आणि कृपणता यांच्यामधली रेघ फार बारीक असते. पुढील वीस वर्षांत ओकलंडच्या रसिकांस एकच पाठ पुनःपुन्हा गिरवावा लागला. खेळाडू पाळण्यांतला वाढवावा, त्याचें नांव मुलांच्या सदऱ्यांवर यावें, आणि त्याची किंमत मागण्याची वेळ आली कीं तो जावा. २०२२ च्या मार्च-एप्रिलांत मॅट ओल्सन अटलांटाला, मॅट चॅपमन टोरोंटोला, ख्रिस बॅसिट न्यूयॉर्कला व शॉन मनाया सॅन डिएगोला, असे चार खेळाडू कांहीं आठवड्यांत दिले गेले. त्या वर्षीं संघ १०२ सामने हरला. २०२३ सालीं ११२. प्रेक्षक घटले, आणि तो जुना ठपका पुन्हा निघाला कीं ओकलंडला खेळाची आवडच नाहीं. रसिकांनीं त्यास फार सुंदर उत्तर दिलें. १३ जून २०२३ रोजीं त्यांनीं उलटा बहिष्कार पुकारला. म्हणजे न येण्याचा नव्हे, तर झाडून सारे येण्याचा! हिरव्या सदऱ्यांवर ‘विका’ एवढाच शब्द छापून २७,७५९ लोक आले. मालकानें संघ विकावा, पण शहर सोडूं नये, एवढेंच त्यांचें मागणें होतें. संघानें तो सामना २-१ असा जिंकलाहि. पण त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत इतर सर्व मालकांनीं लास व्हेगासला जाण्यास एकमतानें संमति दिली. २६ सप्टेंबर २०२४ रोजीं ओकलंडमध्यें शेवटचा सामना झाला. त्या दिवशीं ४६,८८९ लोक निरोप द्यावयास आले होते.

आणि आतां ज्या हिवाळ्यासाठीं मी ही सारी पूर्वपीठिका सांगितली, तो हिवाळा आला. डिसेंबर २०२४ मध्यें, म्हणजे ओकलंड सोडल्यावर तिसऱ्या महिन्यांत, अ‍ॅथलेटिक्सनें लुइस सेव्हेरिनो या पिचरशीं तीन वर्षांचा, ६ कोटी ७० लाख डॉलरांचा करार केला. संघाच्या इतिहासांतील तोंवरचा सर्वांत मोठा करार! यापूर्वींचा उच्चांक २००४ सालच्या एरिक चॅव्हेझच्या कराराचा, ६ कोटी ६० लाखांचा. तो वीस वर्षें अबाधित होता. जानेवारींत ब्रेंट रूकरशीं पांच वर्षांचा ६ कोटींचा, आणि मार्चमध्यें लॉरेन्स बटलरशीं सात वर्षांचा, ६ कोटी ५५ लाखांचा करार झाला. म्हणजे जें ओकलंडमध्यें शक्य नाहीं असें वर्षानुवर्षें सांगितलें, तें ओकलंड सोडतांच शक्य झालें. आपल्याकडे म्हणतात ना, बैल गेला नि झोपा केला!

यामागें एक व्यावहारिक कारण असल्याचें त्या वेळच्या वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झालें होतें. श्रीमंत संघांच्या उत्पन्नांतून दुर्बळ संघांस वांटा मिळतो; त्या वांट्याच्या दीडपट तरी रक्कम खेळाडूंवर खर्च व्हावी अशी अपेक्षा असते, नाहींतर खेळाडूंची संघटना तक्रार करूं शकते. मालकपक्षालाहि आपली बाजू होती, हें न्यायबुद्धीनें सांगितलें पाहिजे. ओकलंडचें मैदान १९६६ सालचें, जुनाट झालेलें. नव्या मैदानाच्या वाटाघाटी कित्येक वर्षें चालून फिसकटल्या. आणि ओकलंडच्या रसिकानें आणखी एक गोष्ट विसरूं नये. हा संघ प्रथम फिलाडेल्फियाचा होता, मग कॅन्सस सिटीचा. १९६८ सालीं ओकलंडला तो मिळाला तेव्हां कॅन्सस सिटीच्या मुलांनाहि असेंच वाईट वाटलें असेल. हें सर्व मान्य करूनहि शल्य उरतेंच.

नातवानें त्या करारांची यादी मला वाचून दाखविली आणि विचारलें, “आजोबा, भरती चांगली आहे ना?” मास्तराला उत्तर देतांना पायरीपायरीनें द्यावें लागतें. म्हणून मीं त्यास तीन प्रश्न सांगितले, तेच आपणांपुढें ठेवतों.

पहिला प्रश्न: हा खेळाडू संघाची कोणती उणीव भरून काढतो? नुसत्या मोठ्या नांवाला भुलूं नये. हॅटबर्गला कोणतें नांव होतें? दुसरा प्रश्न: हा खेळाडू येथें किती दिवस राहणार? मुलानें नांव पाठ करावें, त्याची चाल ओळखूं लागावें, आणि तों खेळाडू गेलेला असावा, असें झालें तर तें मूल खेळाडूवर प्रेम करावयास शिकत नाहीं, फक्त आंकड्यांवर करतें. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: हा खेळाडू कोणासाठीं घेतला? कोणत्या गांवच्या लोकांनीं त्यास आपला म्हणावें?

हेंडरसनचा १९८९ चा करार तिन्ही प्रश्नांत उत्तीर्ण होतो. हॅटबर्ग पहिल्या प्रश्नांत पैकीच्या पैकी गुण घेतो. २०२४-२५ च्या हिवाळ्याचें काय? पिचरची उणीव होतीच; पहिला प्रश्न सुटला. बटलर व रूकर यांचे करार लांब मुदतीचे, दुसराहि सुटला. पण तिसऱ्या प्रश्नाशीं पेन्सिल थांबते. कारण २०२५ सालीं हा संघ वेस्ट सॅक्रामेंटो येथील सुमारे १४ हजार लोकांच्या लहानशा मैदानावर पाहुणा म्हणून खेळूं लागला, २०२८ सालीं लास व्हेगासला जाण्याच्या बेतानें. आणि या मधल्या काळापुरतें त्यानें आपल्या नांवामागें कोणत्याच गांवाचें नांव लावलें नाहीं. नुसतें ‘अ‍ॅथलेटिक्स’. घर नसलेल्या घरासाठीं सामान खरेदी करावें, तशी ही खरेदी झाली. २०२५ च्या हंगामांत संघानें ७६ सामने जिंकले. आदल्या वर्षींपेक्षां सात अधिक. हिशेबाच्या वहींत ही सुधारणाच आहे. सेव्हेरिनो बाहेरगांवीं चांगला खेळला आणि त्या तात्पुरत्या घरच्या मैदानावर मात्र त्याला सूर गवसला नाहीं. यांत त्या बिचाऱ्याचा कांहीं दोष नाहीं.

त्याच डिसेंबरच्या २० तारखेस, सेव्हेरिनोच्या करारानंतर दोन आठवड्यांनीं, रिकी हेंडरसनचें ओकलंडमध्यें निधन झालें. ज्या संघाचा तो मानबिंदु होता, तो संघ गांवांत नव्हता. पण तो स्वतः गांवांतच होता. ओकलंडच्या लोकांनीं त्या दिवशीं कोणाचा शोक केला, खेळाडूचा कीं संघाचा, हें निराळें करून सांगणें कठीण आहे.

मग रसिकानें करावें काय? ओकलंडच्या कांहीं लोकांनीं याचें उत्तर कृतीनें दिलें. २०२४ सालीं त्यांनीं ‘ओकलंड बॉलर्स’ नांवाचा एक छोटा संघ उभा केला. त्याची स्पर्धा ‘पायोनियर लीग’ ही वरिष्ठ स्पर्धेच्या पुष्कळच खालच्या पायरीवरची. एका जुन्या सार्वजनिक बागेंतलें मैदान त्यांनीं दुरुस्त करून घेतलें. सामान्य नागरिकांनीं संघांत लहानलहान भाग घेतले. पहिल्याच वर्षीं त्यांनीं केल्सी व्हिटमोर या तरुणीस पिचर म्हणून घेतलें, आणि त्या स्पर्धेंत खेळणारी ती पहिली स्त्री ठरली. दुसऱ्याच वर्षीं, २०२५ सालीं, त्या संघानें स्पर्धेचें अजिंक्यपद मिळविलें. त्यांच्या हिवाळ्यांतील भरतीच्या यादींत कोटींचे आंकडे नसतात. बहुतेक नांवें जगास अपरिचित. पण तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर त्या प्रत्येक नांवापुढें आधींच लिहिलेलें असतें.

माझा निष्कर्ष इतकाच आहे. भरती ही संघाची शक्ति वाढविते, संघ निर्माण करीत नाहीं. संघ निर्माण होतो तो पराभवाच्या वर्षींहि त्याच बांकावर येऊन बसणाऱ्या माणसांमुळें. आणि त्या माणसांचा करार कोणी कागदावर लिहून घेत नाहीं, त्यांचा कोणी मुखत्यार नसतो, म्हणूनच त्यांचा हिशेब सर्वांत आधीं विसरला जातो. तेव्हां आपला आवडता संघ कोणताहि असो आणि खेळ कोणताहि असो, पुढल्या वेळीं नव्या खेळाडूंची यादी हातीं आली म्हणजे रकमेचा रकाना वाचून झाल्यावर क्षणभर थांबावें, आणि हे सारे कोणासाठीं आणले आहेत एवढें विचारावें.